डावीकडची बशी

आमच्या कारखान्यात पट्ट्यावरून सुके वाटाणे येतात. मी पट्ट्याशी बसते त्याला आता चोवीस वर्षं झाली. काम एकच, वाईट ते उचलायचं. काळा दाणा, किडका दाणा, खडा, कधी एखादा मेलेला किडा. उजव्या हाताने टिपायचं, डाव्या तळहातात साठवायचं आणि तळहात भरला की डावीकडच्या डब्यात रिकामं करायचं. चांगल्या वाटाण्याकडे मी एवढ्या वर्षांत कधी धड पाहिलेलं नाही. तो बापडा आपला आपण पुढे जातो.

शनिवारी आमच्या घरी याच्या बरोबर उलटं चालतं. आम्ही ज्यू. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या संध्याकाळी लागणाऱ्या विश्रांतीच्या दिवशी, काम करायचं नाही हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही माहीत असतं, पण काम कशाकशाला म्हणायचं याची यादी लांबलचक आहे आणि त्या यादीत वेचणं येतं. दोन जिनसा मिसळल्या असतील तर नको असलेली काढून टाकायची नाही. हवी ती उचलायची, नुसत्या हाताने, आणि तीही लगेच खाण्यापुरती. नको ते जिथे आहे तिथेच राहू द्यायचं. माझ्या माहेरी शब्बाथ म्हणजे दोन मेणबत्त्या आणि वडिलांची दुपारची झोप. हे वेचण्याचं शास्त्र मला सासरी आल्यावर मामंजींनी शिकवलं, बशीत दाणे आणि सालं एकत्र करून, लहान मुलाला अक्षरं शिकवावीत तसं.

"साल नाही उचलायचं, सूनबाई. दाणा उचल. बघ, काहीच अवघड नाही."

काहीच अवघड नव्हतं, फक्त माझा हात ऐकत नव्हता. सहा दिवस त्याला वाईटावर झेप घ्यायची सवय, सातव्या दिवशी तो एकदम साधू कसा होणार? जित्याची खोड म्हणतात ती हीच. मी शनिवारी जेवताना उजवा हात मांडीखाली दाबून बसायचे आणि विचार करून मगच बाहेर काढायचे. तरी महिन्यातून एखाद्या वेळी तो निसटायचाच. मामंजींना कळू नये म्हणून मी उचललेलं साल गुपचूप तोंडात टाकून गिळलेलंही आहे. हसायला येतं ना? मलाही यायचं, त्या शनिवारपर्यंत.

मामंजी चष्मे बनवायचे. अर्ध्या गावाच्या नाकावर त्यांनी घडवलेल्या काचा आहेत आणि स्वतःच्या डोळ्यांत मात्र दोन्हीकडे मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यावर होतं, हृदयाने परवानगी दिली तर. हृदय गेल्या वर्षीपासून बिघडलेलं. ठोके भलत्या वेगाने धावायचे, म्हणून त्यांना आवर घालणारी एक बारीक पांढरी गोळी रोज सकाळी सुरू झाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "एकच. चुकून दुसरी दिलीत तर लगेच फोन करा. या वयात ठोके मंदावत मंदावत थांबूही शकतात." दुपारच्या जेवणानंतर पोटासाठी दोन गोळ्या असत, त्याही पांढऱ्या आणि बारीकच. फरक एवढाच की सकाळच्या गोळीवर मधोमध एक रेघ होती. मला ती हातभर अंतरावरून दिसायची. मामंजींना नाकाशी धरूनही दिसत नव्हती.

महिन्याभरात डॉक्टरांनी औषधं तीनदा बदलली, तेव्हापासून त्यांनी गोळ्या मोजणंच सोडून दिलं होतं. "तू देशील ते घेईन," म्हणायचे आणि तळहात पुढे करायचे.

म्हणून मी दर शुक्रवारी, शब्बाथचे दिवे लावण्याआधी, आठवड्याच्या गोळ्या खणाखणांच्या डबीत भरून ठेवायचे. शनिवारी मग वेचावेचीचा प्रश्नच नको.

त्या शनिवारी हे प्रार्थनेहून परस्पर धाकट्या भावजींकडे गेले होते, गावाच्या दुसऱ्या टोकाला, पायी. घरात आम्ही दोघंच. जेवण झालं. मी डबी आणायला गेले आणि टेबलाच्या पायाला ठेच लागून डबी हातातून सुटली. झाकणं उघडली आणि सगळ्या गोळ्या फरशीवर विखुरल्या.

"काय पडलं?" मामंजींनी विचारलं.

"काही नाही. तुमच्या गोळ्या. उचलते."

उचलल्या, पुसल्या आणि एका ताटात घेतल्या. आता ताटात सगळा गोपाळकाला. खरं तर मला फक्त दोन गोळ्या हव्या होत्या, बिनरेघेच्या. त्या दोन उचलायच्या, मामंजींच्या हातावर ठेवायच्या आणि ताट झाकून ठेवायचं. नियम तेवढाच होता आणि शहाणपणही तेवढंच होतं. पण माझ्या डोक्यात डॉक्टरांचं बोलणं होतं. रेघवाल्या गोळ्या या ताटात राहिल्या तर घोळ होईल, त्या आधी बाजूला व्हायला हव्यात, असं वाटलं. वाटलं म्हणते आहे खरी, पण वाटण्याआधीच हात चालू झाला होता. उजव्याने टिपलं, डाव्यात टाकलं. एक, दोन, तीन, चार, पाच. मग डावा तळहात त्याच्या सवयीने डावीकडे गेला आणि तिथे मामंजींच्या पुढ्यात असलेल्या बशीत त्याने पाचही गोळ्या ओतल्या.

सकाळची एक पोटात गेलेली, म्हणजे रेघवाल्या सहा उरायला हव्यात. सहावी कुठे? मी वाकून पाहिलं. कपाटाखाली भिंतीला लागून काहीतरी पांढरं दिसत होतं. मी फरशीवर पालथी पडून हात आत घातला. बोटांना जळमटं लागली, मग एक बटण, मग गोळी. फार तर अर्धं मिनिट गेलं असेल.

उठले तेव्हा मामंजी तोंड पुसत होते. डावीकडची बशी रिकामी होती.

"आज मूठभर होत्या वाटतं," ते म्हणाले.

त्यांची काय चूक होती? बावीस वर्षांपूर्वी त्यांनीच मला शिकवलं होतं, शब्बाथला जे उचललं जातं ते खायचं असतं आणि नको ते मागे राहतं. सुनेने ताटातून वेचून बशीत काहीतरी ठेवल्याचा आवाज त्यांनी ऐकला. त्या घरात, त्या दिवशी, वेचून ठेवलेल्या बशीचा अर्थ एकच होऊ शकत होता. त्यांनी बशी ओठांना लावली, वर दोन घोट पाणी प्यायले आणि झालं.

माझ्या तोंडून आवाज निघाला तो असा : "हो."

एवढंच. मूठभर होत्या वाटतं, हो. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

आता कुणी म्हणेल, बाई, फोन करायचा होता ताबडतोब. शब्बाथला फोन नाही करायचा म्हणून थांबलीस का? तर नाही. जिवाचा प्रश्न आला की शब्बाथ बाजूला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नुसती शंका असली तरी बाजूला. फोनची मला भीती नव्हती. फोन उचलला की मामंजी विचारणार, "कशाला?" आणि मला सांगावं लागणार की तुमच्या टेबलाशी, तुमच्या नाकाखाली, मी चांगल्यातून वाईट वेचत होते. मग ते विचारणार, "आजच?" आणि खोटं बोलणं मला त्यांच्यापुढे जमत नाही. "हो" सोडून.

मी ताट झाकलं. सहावी गोळी पदराच्या टोकाला बांधली, का ते विचारू नका. मग स्वतःशी हिशेब मांडू लागले. गोळ्या बारीक आहेत. त्यांचं जेवण भरपेट झालंय. कदाचित काही होणार नाही. औषधाच्या खोक्यातला कागद काढून वाचला. त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं की जास्त प्रमाणात घेतल्यास श्वास लागणे, शुद्ध हरपणे, हृदय बंद पडणे संभवते. कागद अर्धवट दुमडून मी परत खोक्यात कोंबला.

मामंजी खिडकीजवळच्या खुर्चीत टेकले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन मनगट धरलं.

"काय गं?"

"असंच. नाडी बघते. डॉक्टरांनी सांगितलंय अधूनमधून बघायला."

दुसरं खोटं. घड्याळाचा काटा एक फेरा फिरला. अठ्ठावन्न. मग मी स्वयंपाकघरात गेले, नळाखाली हात धुतले, पुन्हा आले. चौपन्न. ते डोळे मिटून होते. छाती हलतेय की नाही ते मला कळेना. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली आणि मी दचकून किंचाळणार होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपार झाली होती. सारखं वाटायचं, आता सांगावं. आणि सारखं वाटायचं, अजून एकदा नाडी बघू आणि मग सांगू. एखादा माणूस आपल्यासमोर मरत असेल आणि आपण स्वतःच्या अब्रूचा विचार करत असू, हे मी दुसऱ्याबद्दल ऐकलं असतं तर त्या बाईच्या तोंडावर थुंकले असते.

अठ्ठेचाळीस.

"सूनबाई," मामंजी डोळे न उघडता म्हणाले, "खिडकी लाव. गार वाटतंय."

बाहेर रणरणतं ऊन होतं. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं बोलून टाकलं. कसं बोलले ते आठवत नाही. रेघेच्या गोळ्या, पाच, मी वेचल्या, वाईट ते वेचलं, हात ऐकत नाही, आजच नाही, कधीच ऐकलेला नाही, बावीस वर्षं मी सालं गिळतेय.

ते ताठ बसले. मला वाटलं आता ते नियमाबद्दल काहीतरी बोलतील.

"पाच?" ते म्हणाले. "अगं, औषधात कसलं वेचणं आणि कसला नियम! जिवाच्या गोळ्या होत्या त्या, कशाही निवडायच्या होत्यास. ऊठ. फोन कुठे आहे?"

फोन बोळात, भिंतीला लावलेला. मी धावले तशी ते खुर्चीचा हात धरून उठायला लागले.

"तुम्ही बसा! मी करते."

"नाही. घरात मोठा मी आहे. जिवासाठी शब्बाथ मोडायची वेळ आली तर मोठ्याने मोडायचा, लहानांवर ढकलायचा नाही. मी दाबणार आकडे."

"मामंजी, अहो, वेळ नाहीये!"

"मग हात दे. वाद घालू नकोस."

मी त्यांना जवळजवळ उचलूनच बोळात नेलं. त्यांचं वजन माझ्या खांद्यावर, त्यांचा श्वास माझ्या कानाशी. त्यांनी रिसीव्हर काढला, नाक आकड्यांना लावलं आणि थांबले. काही दिसत नव्हतं त्यांना. पुसट पांढरं, बस्स. त्यांनी चाचपून एक बटण दाबलं. ते चुकीचं होतं. पुन्हा ठेवून पुन्हा उचलला. पुन्हा चुकीचं. मी रडत होते की ओरडत होते देव जाणे.

"माझं बोट धर," ते म्हणाले. "तू दाखव, दाबीन मी."

मी त्यांची तर्जनी धरली. बर्फासारखी गार होती आणि नखाखाली निळसर झाली होती. ती धरून मी एकेक आकड्यावर नेली आणि त्यांनी एकेक आकडा दाबला. पलीकडून बाईचा आवाज आला तेव्हा त्यांचे गुडघे वाकले. आम्ही दोघंही भिंतीला घासत खाली बसलो. पत्ता मी सांगितला. घड्याळ तिथून दिसत होतं, एक पस्तीस.

गाडी आली, दोन माणसं आली, स्ट्रेचर जिन्यात वळेना म्हणून त्यांनी मामंजींना खुर्चीत बसवून उतरवलं. जाताना मी दाराला कुलूप लावलं की नाही ते मला आजही माहीत नाही. गाडीत त्यांच्या बोटाला चिमटा लावला, पडद्यावर आकडा आला, बेचाळीस. मी त्या आकड्याकडे बघत राहिले. त्याचा एक्केचाळीस झाला तेव्हा मी शेजारच्या माणसाची बाही ओढून पडद्याकडे बोट दाखवलं.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आमचा ताबा घेतला. नळ्या, तारा, सुई. मामंजी शुद्धीवर होते, नुसते फिकट पडले होते. हातातल्या कागदावर लिहायला पेन टेकवून डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "कुठल्या गोळ्या?"

मी पदराची गाठ सोडून सहावी गोळी त्यांच्या हातात दिली.

"किती घेतल्या?"

"पाच. आणि सकाळची एक."

"किती वाजता?"

फोन एक पस्तीसला केला होता. गाडीतल्या माणसाने ती वेळ लिहून घेतली होती, कागद तिथेच समोर होता. मी सांगितलं असतं, दीड वाजता, लगेच फोन केला, तर कुणाला काय कळलं असतं? मामंजींना तर घड्याळही दिसत नाही.

"बाई, वेळ महत्त्वाची आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोटात राहिलं असेल तर कोळशाची पूड पाजून अडवता येतं, पण ते तासाच्या आत. आणि सगळ्यात वाईट वेळ कधी येईल हेही त्यावरूनच कळणार आहे मला. त्या वेळेला मी जवळ हवी."

"दीड…" माझी जीभ म्हणाली. मग मी डोळे मिटले आणि म्हणाले, "नाही. एक वाजून दहा मिनिटं. नक्की."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोनला पाच कमी. "पंचेचाळीस मिनिटं," त्या म्हणाल्या आणि नर्सला काहीतरी ओरडून सांगत निघाल्या. दोन मिनिटांत नर्स काळा पाणीदार लगदा घेऊन आली. मामंजींनी तो निमूट प्यायला. दाढीवर काळे ओघळ आले. मी पुसायला पुढे झाले तर हात उचलेना, मग नर्सनेच पुसलं.

सगळे बाहेर गेल्यावर खोलीत यंत्राची टिकटिक तेवढी राहिली. एकोणचाळीस. चाळीस. पुन्हा एकोणचाळीस. डॉक्टरीणबाई सांगून गेल्या होत्या की पुढचे दोन तास निघाले तर बघू. "तर" या शब्दावर त्या थोड्या थांबल्या होत्या.

मामंजींना दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. आणि वजाबाकी तर त्यांना झोपेतही यायची.

"फोन केला तेव्हा किती वाजले होते, सूनबाई?"

"एक पस्तीस."

माझे कान यंत्राकडे होते.

"पंचवीस मिनिटं," ते म्हणाले. "मी मरेन हे तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग पंचवीस मिनिटं तू कुणाला घाबरत होतीस?"

मी खोटं बोलू शकले असते. देवाला, असं म्हटलं असतं तर त्यांना ते आवडलंही असतं.

"तुम्हाला."

त्यांनी मान वळवली. त्या पांढुरक्या डोळ्यांनी ते मी असेन त्या बाजूला बघत होते, जरासं चुकीच्या ठिकाणी, माझ्या खांद्याच्या पलीकडे.

"मला? मी तुला कधी रागावलो? एकदा तरी आवाज चढवला?"

"नाही, मामंजी. कधीच नाही. रागावला असतात तर बरं झालं असतं." मला आता रडू आवरत नव्हतं. "मी काही चुकले की तुम्ही नुसता चमचा खाली ठेवायचात. हळूच. आवाजही व्हायचा नाही. आणि मग त्या दिवशी पुढचं जेवायचाच नाहीत."

काळा ओघळ त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात अजून होता. यंत्राने एक लांब आवाज केला आणि पुन्हा टिकटिक सुरू झाली. अडतीस. त्यांनी चादरीवरून हात सरकवत सरकवत माझ्या दिशेने आणला, आणि मी तो धरायच्या आधी पडद्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच माफी मागितली होती आणि ती द्यायला वेळ उरला आहे की नाही हे मला बघायचं होतं.